धोक्याची सूचना : ती निघते कोठून व अडते कोठें

दिनांक २० जुलै २०२३ रोजीं सकाळीं महाराष्ट्रांत पुष्कळ लोकांचे मोबाईल फोन एकाएकीं मोठ्यानें वाजूं लागले. नेहमींची घंटा ती नव्हे. भोंग्यासारखा कर्कश आवाज, आणि पडद्यावर सरकारी मजकूर. ही केवळ चांचणी आहे, कोणीं कांहीं करावयाचें नाहीं, असा त्या मजकुराचा अर्थ होता; परंतु तो वाचण्याइतका धीर किती जणांस राहिला? आमच्या ओळखीच्या एका वृद्ध कास्तकारांनीं फोन फुटतो आहे असें समजून तो ओसरीवरून अंगणांत भिरकाविला. दुसऱ्या एकांस बँकेंतील पैसे गेले असें वाटलें. आणि गांवांतील हुशार तरुणांनीं काय केलें, तर हा आवाज पुन्हां होऊं नये म्हणून फोनांतील कोणती कळ बंद करावी तें चार लोकांस शिकविलें.

त्याच सकाळीं दुसरीही एक बातमी येत होती. आदल्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील खालापूर तालुक्यांत इरशाळवाडी ही आदिवासी वाडी डोंगर खचून गाडली गेली होती. वाडीस गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे लोक भर पावसांत डोंगर चढून गेले. २७ देह मिळाले, ५७ माणसें मिळालींच नाहींत. दरडीच्या धोक्याच्या गांवांची जी यादी सरकारदरबारीं होती तींत या वाडीचें नांव नव्हतें. चांचणी व आपत्ति यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. पण एकीकडे ज्यांस कसलाही धोका नाहीं अशांचे फोन ओरडत आहेत, आणि दुसरीकडे ज्यांच्यावर डोंगर आला त्यांस कोणीं हाक मारिली नाहीं, हें चित्र आमच्या मनांतून अद्यापि जात नाहीं. सबब ही सूचना म्हणजे काय, ती कोण काढतो, कशी येते, आणि मुख्यत्वें कोठें येऊन अडते, याविषयीं आम्हांस ठाऊक आहे तें आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडतों.

आमची उभी हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. आम्ही नोकरीस लागलों तेव्हां नदीकांठच्या गांवांत सूचना म्हणजे दवंडी. कचेरींतून चिठ्ठी किंवा फोन तलाठ्याकडे, तलाठ्याकडून कोतवालाकडे, आणि कोतवाल डफ घेऊन चावडीपासून वेशीपर्यंत फिरे. (तलाठ्यांस हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नांव लांबलें, काम तेंच आहे.) दवंडींत दोष पुष्कळ होते. वारा उलटा असला कीं अर्धें गांव बहिरें. पाऊस कोसळत असला म्हणजे डफ भिजून वाजेना. आणि मळ्यांतल्या वस्त्या दवंडीच्या वाटेवर नसतच. परंतु एक गुण होता. दवंडी ऐकणारा माणूस कोतवालास उलट प्रश्न विचारूं शकत असे. 'पाणी कुठवर आलंय?' असें विचारलें कीं 'म्हसोबाच्या पायरीला लागलंय' असें उत्तर मिळे, आणि त्या उत्तरावर माणूस उठे.

आतां नवी व्यवस्था पाहूं. धोका ओळखण्याचें काम निरनिराळ्या खात्यांकडे आहे. पाऊस, वादळ व उष्णता यांचें भाकित १८७५ सालीं स्थापन झालेलें भारतीय हवामानखातें करितें. नद्यांच्या पुराचें केंद्रीय जल आयोग. दरडींचें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. समुद्रांतील त्सुनामीचें व उंच लाटांचें हैदराबाद येथील महासागर माहितीचें केंद्र. पूर्वीं प्रत्येक खातें आपापल्या रीतीनें पत्रक काढी, व तीं पत्रकें जिल्ह्याच्या कचेरींत एकमेकांवर साचत. २००५ च्या कायद्यान्वयें राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरण अस्तित्वांत आलें. त्या प्राधिकरणासाठीं सरकारच्याच सी-डॉट या दूरसंचार संशोधनसंस्थेनें 'सचेत' नांवाची एकत्र यंत्रणा तयार केली आहे. सर्व खात्यांच्या सूचना आतां तींत एकाच नमुन्यांत येतात, व राज्याचे अधिकारी त्या तपासून पुढें सोडतात.

हा नमुना इतर पुष्कळ देशांतही चालतो, आणि तो पाहून आमच्यासारख्या कारकुनास मोठें समाधान वाटलें, कारण तो आपल्या सातबाराच्या उताऱ्यासारखाच रकान्यांचा आहे. धोका कोणता, तो किती लौकर येणार, किती भारी, येण्याची खात्री किती, क्षेत्र कोणतें, सूचना केव्हांपर्यंत लागू, आणि लोकांनीं करावें काय. यांपैकीं 'केव्हांपर्यंत' हा रकाना लोक मुळींच वाचीत नाहींत. कालची सूचना दुसऱ्याच्या फोनावरून आज आपल्या फोनावर येते, आणि आपण ती आजची समजून धांवतों; किंवा त्याहून वाईट म्हणजे आजची सूचना कालची समजून निजतों.

फोनावर सूचना दोन वाटांनीं येते, आणि दोहोंतील भेद महसुलाच्या भाषेंत चांगला सांगतां येतो. एक वाट साध्या एसएमएस संदेशाची. ही खातेदारास नोटीस बजावण्यासारखी आहे. प्रत्येक नंबरास निराळा कागद, निराळी बजावणी. दहा हजार नंबर असतील तर दहा हजार वेळां तेंच काम. आणि आपत्तीच्या वेळीं सगळेच लोक एकमेकांस फोन करूं लागले म्हणजे ही नोटीस वाटेंत तुंबून पडते. दुसरी वाट निराळी आहे. तिला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात; आम्ही तिला मनोऱ्याची दवंडी म्हणूं. तींत नंबरांची यादी मुळीं लागतच नाहीं. ज्या भागास धोका आहे त्या भागांतील मोबाईलच्या मनोऱ्यांस आज्ञा जाते, आणि प्रत्येक मनोरा आपल्या टापूंत सर्वांस मिळून एकच सूचना सोडतो. त्या टापूंत जेवढे फोन चालू असतील तेवढे ती बरोबरच ऐकतात. ५ फोन असोत कीं ५ हजार, वेळ तितकाच. तुमचा नंबर दुसऱ्या जिल्ह्यांतला असला तरी चालतो. इंटरनेट लागत नाहीं. २० जुलैच्या सकाळीं जो आवाज झाला तो याच वाटेचा होता.

मात्र दवंडीचे कांहीं दोष या दवंडींतही आहेत. फोन बंद असेल तर ती ऐकूं येत नाहीं. मनोरा बंद पडला तर ती निघतच नाहीं. वीज गेली म्हणजे मनोरे कांहीं काळ बॅटरीवर किंवा डिझेलवर चालतात, नंतर मुके होतात. कित्येक जुन्या फोनांस ती समजत नाहीं. मनोऱ्याचा टापू शिवेच्या दगडाप्रमाणें नेमका नसतो, म्हणून कधीं शेजारच्या गांवची सूचना आपल्याकडे येते. नोटीशीच्या पाठीवर जशी सही मिळते तशी येथें मिळत नाहीं. कोणीं ऐकलें व कोणीं नाहीं हें कचेरीस कळण्यास मार्ग नाहीं. आणि ज्यानें ती कळ बंद करून ठेविली आहे त्यास कोण काय सांगणार? म्हणून आमची पहिली विनंति अशी कीं, घरांतील प्रत्येक फोनाच्या सेटिंगमध्यें 'इमर्जन्सी अलर्ट' नांवाची जागा शोधून ती चालू आहे ना हें आजच पाहावें. न सांपडल्यास घरांतील शाळकरी मुलास विचारावें, त्याला सांपडते.

रंगांविषयीं लोकांत मोठा घोटाळा आहे. हवामानखात्याचे रंग चार. हिरवा म्हणजे कांहीं करावयाचें नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवावें. नारिंगी म्हणजे तयारींत राहावें. तांबडा म्हणजे उठावें व करावें. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर पाऊस हा जोरदार, त्यापुढें २०४.४ पर्यंत अति जोरदार, आणि त्याहूनही अधिक तो अत्यंत जोरदार, अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. अतिवृष्टि ठरविण्यासाठीं महसूल मंडळांतील पर्जन्यमापकावर आपण जे ६५ मिलीमीटर पाहतों ते या पहिल्या पायरीच्याच लगत आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत येईल. घोटाळा होतो तो असा कीं, तांबडी सूचना जिल्ह्याची असते आणि पाऊस शिवाराचा असतो. जिल्ह्यास तांबडा रंग दिला आणि आपल्या गांवांत ऊन पडलें कीं लोक हवामानखात्यास हंसतात. तीनदां हंसले म्हणजे चौथ्यांदां हालत नाहींत. आम्हीही हंसलों आहों. पण घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असेल तर नदीकांठच्या माणसास आपल्या अंगणांतल्या उन्हाचा उपयोग काय?

खोट्या हाकेचें भय अगदींच निराधार आहे असें नव्हे. अमेरिकेच्या हवाई बेटांत १३ जानेवारी २०१८ रोजीं क्षेपणास्त्र येत आहे अशी सूचना एका कर्मचाऱ्याच्या चुकीनें लोकांच्या फोनांवर गेली, आणि ती खोटी असल्याची दुसरी सूचना निघण्यास ३८ मिनिटें लागलीं. तेवढ्या वेळांत लोकांची काय दशा झाली असेल तें सांगावयास नको. सूचना काढणाऱ्यानें जपलेंच पाहिजे. तथापि राखणदार एकदां उगीच ओरडला म्हणून कोणी पिकाची राखण मोडीत नाहीं.

विजेची गोष्ट वेगळी, कारण तेथें तास नसतात, मिनिटें असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाचें ॲप केलें आहे. ठिकठिकाणीं बसविलेलीं यंत्रें वीज कोठें पडली हें टिपतात, आणि आपण उभे आहों तेथून २० ते ४० किलोमीटरांच्या आंत ती असल्यास हें ॲप सांगतें. हवामानखातेंही तीन तासांपुरत्या तातडीच्या सूचना काढतें. वळिवांत झाडाखालीं थांबूं नये हें सर्वांस पाठ आहे, तरी माणसें झाडाखालींच जातात, कारण पाऊस लागल्यावर माळावर दुसरा आसरा उरत नाहीं. सबब गडगडाट ऐकूं येतांच बांधावरून निघून पक्क्या घरांत जावें. पहिल्या थेंबाची वाट पाहूं नये.

नदीकांठच्या बंधूंच्या उपयोगाची गोष्ट आतां जरा विस्तारानें सांगतों. पुराच्या सूचनेंत दोन प्रकारचे आंकडे येतात. धरणांतून सोडलेलें पाणी क्युसेकमध्यें सांगतात व नदीची पातळी फुटांत. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर. तेव्हां १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदास जवळजवळ २ लक्ष ८३ हजार लिटर. हा आंकडा ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं. पातळीचा आंकडा मात्र आपलासा करून घेतां येतो. सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेची ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विनपाशीं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलें होतें. आतां आयर्विनला ४० फूट असतां आपल्या गांवच्या घाटाची कितवी पायरी बुडते, ४५ ला कोणाच्या मोटारी पाण्यांत जातात, ५० ला कोणत्या वस्तीचा रस्ता तुटतो, आणि आपल्याकडील पाणी पुलाच्या आधीं किती तास चढतें किंवा मागाहून किती तासांनीं, हें प्रत्येक गांवानें एकदां लिहून ठेविलें पाहिजे. म्हणजे सूचनेंतला फूट आणि म्हसोबाची पायरी यांची गांठ पडेल. हें काम कोणतेंही खातें करणार नाहीं, कारण म्हसोबाची पायरी कोणाच्याच नकाशांत नाहीं. २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांच्या खुणा जुन्या भिंतींवर अजून दिसतात. घरांस रंग दिला कीं त्या जातील; तत्पूर्वीं मोजून घ्याव्या.

आतां जें सांगण्याचें आम्ही इतका वेळ लांबणीवर टाकिलें तें सांगतों. २०१९ च्या पुरांत आम्ही नदीकांठच्या एका तालुक्याच्या कचेरींत अव्वल कारकून होतों. रात्रपाळीस बसून गांवोगांव फोन लावणें व वहींत वेळ टाकून सूचना दिल्याचें लिहिणें, हें काम. एका गांवापुढें रात्रीं ९ वाजून २० मिनिटांनीं आमच्या अक्षरांत 'सर्वांस कळविलें' असें लिहिलेलें आहे. तें खोटें नव्हतें. पोलीसपाटलांनीं फोन उचलला होता, देवळाच्या कर्ण्यावरून पुकारा झाला होता, गांवच्या व्हॉट्सॲपवर मजकूर फिरला होता. त्या गांवीं ओढ्यापलीकडे एका खातेदारांचा मळा होता. ते स्वतः गांवांत उंचावर राहत. दुपारीं पहिली सूचना मिळाली तेव्हांच त्यांनीं नदीवरची मोटार काढून आणविली होती. मळ्यांत गोठ्यास लागून छपरांत सालगडी, त्याची बायको व दोन मुलें. वीज तीन दिवस नव्हती. सालगड्याचा फोन परवांच मेलेला. कर्ण्याचा आवाज ओढ्यापलीकडे पावसांत पोंचला नाहीं. मालकांस वाटलें कीं गांवभर पुकारा झाला म्हणजे त्यालाही कळलें असेल. आम्हांसही तसेंच वाटलें.

पहाटे ओढ्यास नदीचें पाणी उलटें चढलें. तीं चौघें गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन बसलीं, व होडी पोंचेपर्यंत दिवस मावळला. दोन बैल व एक म्हैस दावणीलाच गेलीं, कारण अंधारांत त्या बाईनें आधीं मुलें वर चढविलीं आणि मग दावीं सोडावयास वेळ राहिला नाहीं. पुढें पंचनाम्याच्या वेळीं तो गडी आमच्यापुढें उभा होता. 'मोटार काढताना दिसली साहेब,' तो म्हणाला, 'पण दरसालासारखंच असंल म्हणून आम्ही बसलो.' त्यानें कोणास बोल लाविला नाहीं. पंचनाम्यांत आम्हीं जनावरें लिहिलीं, छप्पर लिहिलें. वहींतल्या त्या ओळींत खाडाखोड करण्याचें कारण नव्हतें, आणि ती आजही तशीच आहे.

सूचना येऊन अडते ती येथें. दिल्लीहून, मुंबईहून, पुण्याहून ती कांहीं क्षणांत आमच्या हातांतल्या फोनापर्यंत येते. तेथून गोठ्यापर्यंतची वाट एखाददोन मैलांची असते आणि तेथें ती थांबते. इतर प्रांतांत जेथें ती थांबली नाहीं तेथें काय झालें तें पाहा. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामी आली तेव्हां पुदुच्चेरीकडील नल्लवाडु या कोळ्यांच्या गांवांतला एक तरुण सिंगापुरास नोकरीस होता. त्यानें तेथें बातमी ऐकून घरीं फोन केला. त्या गांवांत डॉ. स्वामीनाथन यांच्या संशोधनसंस्थेनें एक माहितीकेंद्र चालविलेलें होतें व समुद्राची खबर सांगण्यास त्यावर कर्णा बसविलेला होता. लोक त्या केंद्राकडे धांवले, कर्ण्यावरून पुकारा केला, आणि गांव किनाऱ्यापासून दूर पळालें. घरें व नांवा गेल्या; माणसें वाचलीं. त्या वेळीं आपल्या देशांत त्सुनामीची सरकारी सूचना देणारी व्यवस्थाच नव्हती. एक फोन आणि एक कर्णा एवढ्यावर काम झालें. ओरिसांत १९९९ च्या ऑक्टोबरांतील चक्रीवादळानें सुमारें १० हजार माणसें घेतलीं. तेथेंच १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं 'फायलिन' हें तसेंच भारी वादळ आलें, तेव्हां १० लक्षांच्या आसपास लोक आधींच हलविले होते आणि मृतांचा आंकडा शंभरापर्यंतही गेला नाहीं. मधल्या चौदा वर्षांत भाकित सुधारलें हें खरें. पण निवारे बांधले गेले, आणि कोणीं कोणत्या घरापुढें जाऊन हाक मारावयाची हेंही गांवोगांव ठरविलें गेलें.

आपल्याकडेही साधनें नाहींत असें नाहीं. पुष्कळ जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. तिच्या एका ठराविक नंबरावर गांवांतील एकानें बोललें कीं तोच आवाज नोंदलेल्या सर्व फोनांवर जातो. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. तीं सर्व फोनवाल्यांचीं साधनें होत. आमचें म्हणणें फोन नसलेल्यांविषयीं आहे, आणि तीं माणसें बहुतकरून आम्हां खातेदारांच्याच शेतांत निजतात.

आमच्या गांवीं गेल्या मृगाच्या आधीं आम्हीं चौघांनीं मिळून एक यादी केली. तिला दोन संध्याकाळ लागल्या. शेतांतल्या छपरांत राहणारीं, फोन नसलेलीं किंवा फोन असून एरवीं तो मेलेलाच असतो अशीं ३१ माणसें निघालीं. त्यांपैकीं १९ आमच्या संघाच्या सभासदांकडे कामास आहेत. प्रत्येक नांवापुढें कोणीं पायीं जाऊन सांगावयाचें त्याचें नांव लिहिलें आहे, आणि ओढा भरला असतां कोणत्या वाटेनें जावयाचें तेंही. जाणाऱ्यानें परत येऊन चावडीवर तोंडानें सांगावयाचें. फोनावर 'सांगितलें' असें कळविलेलें धरावयाचें नाहीं, असा नेम केला आहे. नदीच्या मळईवरील दोन छपरांपुढची जागा अद्याप कोरी आहे. पाणी वाढल्यावर तिकडे जाण्यास वाटच नाहीं. तेव्हां नारिंगी रंगाची वाट न पाहतां पिवळ्यावरच तीं कुटुंबें गांवांत आणावयाचीं असें ठरत आहे. माणसें यावयास तयार आहेत, पण बैल तेथें ठेवून येणार नाहींत, आणि त्यांचें म्हणणें रास्त आहे. पावसाळ्याचे आठ पंधरा दिवस चार बैलांस गोठ्यांत जागा देतां येईल अशा सभासदांनीं संघाच्या कचेरींत कळवावें.